हिंगणघाटची कबर आणि हिंदुस्थानचा नकाशा

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाटचें नांव निघालें कीं बहुतेकांस कापूस आठवतो. वणा नदीच्या कांठचें हें बाजाराचें गांव. येथल्या कापसाची कीर्ति एके काळीं लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोंचली होती. परंतु याच गांवांत एका वृद्ध लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे, आणि हिंदुस्थानच्या नकाशाचा इतिहास तिच्यापाशीं येऊन क्षणभर थांबतो, हें फारच थोड्यांस ठाऊक असेल. लेफ्टनंट-कर्नल विल्यम लॅम्बटन हा आपला तळ हैदराबादेहून नागपुरास हलवीत असतां, २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें मरण पावला. त्याचें वय तेव्हां सत्तरीच्या आसपास होतें. मागें राहिलें तें एक अवजड यंत्र, आंकड्यांनीं भरलेल्या वह्या, वर्षानुवर्षें बरोबर हिंडलेले मदतनीस, आणि अर्ध्यावर आलेलें काम.

पुढील दोनशें वर्षांत या अर्ध्या कामाचें एक विस्तीर्ण सरकारी खातें बनलें. सैन्याच्या छावणींत जन्मलेल्या मोजणीला आज सालवार उद्दिष्टें, मुदती व प्रगतीचे तक्ते यांच्या चौकटींत चालावें लागतें. हा पालट कसा घडला, त्यांत काय साधलें आणि काय हातचें निसटलें, याचा विचार करण्याजोगा आहे. कारण खेड्यांतील प्रत्येक घराच्या हद्दीपर्यंत आतां या खात्याचा हात पोंचला आहे.

नकाशा हें मुळांत सैन्याचें हत्यार. ईस्ट इंडिया कंपनीनें १७६७ सालीं मेजर जेम्स रेनेल याची बंगालचा सर्व्हेयर-जनरल म्हणून नेमणूक केली, ती फौजेस वाटा कळाव्या आणि वसुलास मुलूख कळावा म्हणून. नदी कोठें उतरतां येते, तोफा कोणत्या घाटानें चढतील, दाणावैरण कोणत्या गांवीं मिळेल, एवढें कळलें म्हणजे नकाशाचें काम झालें, अशी त्या काळची समजूत होती. मार्गानें चालत जावें, चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजावें, होकायंत्रानें दिशा टिपावी, ही रीत.

लॅम्बटनची दृष्टि निराळी होती. यॉर्कशायरमधील साध्या घरांतला हा मुलगा गणिताच्या जोरावर सैन्यांत शिरला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत यॉर्कटाऊन येथें कैद झाला, आणि पुढें अनेक वर्षें कॅनडांतील एका लहान वसाहतींत बराकींचा कारभार पाहत राहिला. वयाच्या चाळिशीनंतर तो आपल्या पलटणीबरोबर हिंदुस्थानांत आला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेंत एका रात्रीं जनरल बेअर्डची तुकडी वाट चुकून शत्रूच्या दिशेनें चालली असतां, लॅम्बटननें ताऱ्यांकडे पाहून ती चूक ओळखली, अशी हकीकत सांगतात. टिपूचा पाडाव झाल्यावर म्हैसूरचा मुलूख मोकळा झाला, आणि लॅम्बटननें सरकारापुढें आपली योजना मांडली: द्वीपकल्पाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकावी, आणि त्याच साखळीवरून पृथ्वीचा आकारहि ठरवावा.

या पद्धतीचें मर्म सोपें आहे. सपाट जागीं सात-आठ मैलांची एकच रेषा कमालीच्या काळजीनें मोजावयाची. तिच्या दोन्ही टोंकांवरून दूरच्या टेकडीशीं होणारे कोन मोजले म्हणजे त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानें मिळतात; त्या बाजूंवर पुन्हां नवे त्रिकोण उभारावयाचे. जमिनीवर साखळी एकदांच ओढावयाची, पुढें सारें काम नजरेचें आणि गणिताचें. मद्रासजवळ सेंट टॉमस माउंट येथें १० एप्रिल १८०२ रोजीं ही पहिली रेषा मोजण्यास आरंभ झाला. तिची लांबी सुमारें साडेसात मैल भरली. दोन वर्षांनीं बंगलोर येथें दुसरी रेषा मोजून त्रिकोणांवरून काढलेल्या लांबीशीं ताडून पाहिली, तेव्हां फरक निघाला चार इंचांहूनहि कमी.

हाच या खात्याचा पहिला मापदंड होय. काम बरें कीं वाईट, हें वरिष्ठांच्या मर्जीवर राहिलें नाहीं. शेवटची रेषा जमिनीवर मोजावी आणि गणिताशीं जुळवावी. जुळली तर काम खरें, न जुळली तर खोटें. आपल्याच हातानें आपली परीक्षा घेणारी अशी शिस्त त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या सरकारी कामांत क्वचितच सांपडेल.

तरीहि सरकारी हिशेबनिसांचें समाधान झालें नाहीं. मद्रासच्या एका सभासदानें, श्रीरंगपट्टणास जावयाचें असेल तर पालखीच्या भोयांस सांगितलें म्हणजे पुरे, त्यासाठीं एवढ्या खर्चाची मोजणी कशास, असा सवाल केल्याचें नमूद आहे. सवाल हास्यास्पद वाटला तरी त्यांतील वृत्ति टिकाऊ ठरली. ज्या कामाचें फळ वीस वर्षांनीं दिसावयाचें, त्याचा खर्च या सालच्या वहींत कसा मांडावा, ही अडचण त्या दिवसापासून आजतागायत या खात्याचा पाठलाग करीत आली आहे.

लॅम्बटनचें मोठें थिओडोलाइट यंत्र वजनानें सुमारें अर्धा टन होतें. इंग्लंडाहून येतांना तें फ्रेंचांनीं समुद्रांत पकडून मॉरिशसला नेलें. परंतु शास्त्राचें साधन म्हणून तेथील फ्रेंच गव्हर्नरानें तें सन्मानानें परत पाठविलें. पुढें १८०८ मध्यें, सरफोजी राजांच्या तंजावरांत, मंदिराच्या उंच शिखरावर चढवितांना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलें. त्याचें पितळी चक्र वेडेंवांकडें झालें. लॅम्बटन कांहीं कारागिरांसह तंबूंत बसला, आणि सुमारें सहा आठवडे एकेक रेघ जुळवीत त्यानें तें पुन्हां कामास लावलें. सरकारास नवें यंत्र मागण्यापूर्वीं त्यानें जुनेंच दुरुस्त केलें. त्या काळचा हा उद्योग खात्याचा म्हणण्यापेक्षां एका माणसाचा होता, हें यावरून दिसतें.

१ जानेवारी १८१८ रोजीं हें काम मद्रास सरकाराकडून गव्हर्नर-जनरलच्या ताब्यांत गेलें आणि त्यास हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी असें भारदस्त नांव मिळालें. हा काळ मराठी वाचकानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीची लढाई झाली होती. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली. नागपूरची गादी अल्पवयी तिसऱ्या रघूजीच्या नांवानें राहिली आणि कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हातीं गेला. फौजेनें वाट मोकळी केली आणि तिच्यामागोमाग मोजणीचा तळ उत्तरेकडे सरकूं लागला. लॅम्बटनच्या हयातींत सुमारें १,६५,००० चौरस मैल मुलूख त्रिकोणांच्या जाळ्याखालीं आला होता. नागपूर गांठणें मात्र त्याच्या नशिबीं नव्हतें. हिंगणघाट हें त्या प्रवासांतील शेवटचें ठाणें ठरलें.

त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट. दोघांच्या स्वभावांत जमीन-अस्मानाचें अंतर होतें. लॅम्बटन सौम्य, धिम्या चालीचा, माणसांस जिव्हाळा लावणारा. एव्हरेस्ट कडक, तापट, आणि नियमांचा भोक्ता. परंतु तळाचें खातें झालें तें एव्हरेस्टच्याच हातीं. १८३० मध्यें त्रिकोणमितीय मोजणी आणि सर्व्हेयर-जनरलची जागा हीं दोन्ही पदें त्याच्याकडे आलीं. ज्या मोजपट्ट्यांवर उष्णतेचा परिणाम होत नाहीं, अशा कोल्बीच्या पट्ट्या त्यानें आणविल्या. रात्रीं दिवे पेटवून निरीक्षण करण्याची रीत बसविली. सपाट मुलुखांत उंच मनोरे बांधविले. संबंध देश त्रिकोणांनीं भरून काढण्याऐवजीं लोखंडी जाळीच्या गजांप्रमाणें ठराविक अंतरावर साखळ्या टाकाव्या, असेंहि त्यानें ठरविलें. यांत अचूकपणा कायम राखून खर्च आणि काळ दोन्ही वांचावयाचे होते. लॅम्बटनच्या काळचे कांहीं भाग यंत्रें कमी दर्जाचीं म्हणून त्यानें पुन्हां मोजविले. त्याच्या कारकीर्दींत कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारें २१ अंशांचा रेखांशचाप पुरा झाला. तो वऱ्हाडांतून, म्हणजे हिंगणघाटच्या थोडा पश्चिमेकडून, जातो. सिरोंजपासून डेहराडूनपर्यंत त्रिकोणांनीं आणलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत सुमारें सात इंचांचा फरक राहिला.

खातें बनलें म्हणजे दप्तर आलें, दर्जे आले, आणि त्यांबरोबर अन्यायहि आले. मैदानांत कोन मोजणारे अधिकारी बहुतेक सैनिक गोरे. आंकडेमोड करणारे संगणक आणि यंत्रें, झेंडे, तंबू वाहून नेणारे खलाशी देशी. तराईंतील तापानें मेलेल्या खलाशांचीं नांवें कोणत्याहि शिखरास दिलेलीं नाहींत. लॅम्बटनचा जुना मदतनीस जोशुआ डी पेनिंग पुढें कलकत्त्याच्या गणनालयाचा मुख्य झाला, आणि त्याच्याच हाताखालीं १८३१ मध्यें राधानाथ शिकदार नांवाचा एकोणीस वर्षांचा तरुण दाखल झाला. हिमालयाच्या पंधराव्या शिखराची उंची ठरविणाऱ्या गणितांत शिकदारांचा वांटा मोठा होता. याच शिकदारांनीं १८४३ मध्यें डेहराडून येथें, मोजणीखात्याच्या मजुरांस वेठीस धरणाऱ्या मॅजिस्ट्रेटास अडविलें, आणि त्याबद्दल दोनशें रुपये दंड सोसला. मोजणीच्या हस्तपुस्तिकेच्या १८५१ च्या आवृत्तींत त्यांच्या कामाचा कृतज्ञतेनें उल्लेख होता. १८७५ च्या आवृत्तींत तो गाळला गेला. खातें आंकड्यांचा हिशेब चोख ठेवीत होतें. माणसांचा हिशेब तितका चोख नव्हता.

याच सुमारास दुसरीकडे जमाबंदीची मोजणी वाढत होती. मुंबई इलाख्यांत १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत नवी पद्धति घातली; नागपूरचें राज्य १८५४ मध्यें खालसा झालें आणि १८६२ मध्यें वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हां येथेंहि शेतांच्या हद्दी, मालगुजारांचे हक्क आणि पटवाऱ्याचें दप्तर हे विषय पुढें आले. शेतकऱ्यास हिमालयाच्या उंचीशीं कर्तव्य नव्हतें. त्याला बांध कोणाचा हें हवें होतें. त्रिकोणमितीय, स्थलवर्णनात्मक आणि महसुली अशा तीन निरनिराळ्या मोजण्या एकाच सरकारच्या खर्चानें चालल्या होत्या. १८७८ मध्यें जनरल वॉकर याच्या अमदानींत त्या तिन्हींचें एकीकरण होऊन सर्व्हे ऑफ इंडिया हें एक खातें बनलें. त्याचा सालवार अहवाल निघे. त्यांत किती चौरस मैल झाले आणि चौरस मैलास किती रुपये पडले याचे तक्ते असत. कामाच्या खरेपणाशेजारीं कामाचा दर येऊन बसला.

मग १९०४-०५ च्या समितीनें पुढचें पाऊल टाकलें. देशाचे नकाशे जुने झाले होते; समितीनें शिफारस केली कीं, संबंध देशाची एक इंचास एक मैल या प्रमाणावर नवी मोजणी २५ वर्षांत पुरी करावी, आणि शेतांची महसुली मोजणी प्रांतांकडे सोंपवावी. ठराविक मुदत, ठराविक प्रमाण, ठराविक क्षेत्र: आजच्या भाषेंत ज्याला कार्यउद्दिष्ट म्हणतात तें येथें स्पष्टपणें अवतरलें. परंतु १९१४ चें महायुद्ध आलें, अधिकारी रणांगणावर गेले, नंतर काटकसरीची कात्री लागली, आणि मुदत हुकली. खातें मुलकी असलें तरी त्याची मान सैन्याच्या हातांत होती, हें अशा प्रसंगीं उघड होई. दुसऱ्या महायुद्धांतहि तेंच झालें.

विलायतेंतील दाखला येथें ताडून पाहण्याजोगा आहे. तेथील ऑर्डनन्स सर्व्हेचें नांवच तोफखान्याच्या कोठारावरून पडलें; ती १७९१ मध्यें फ्रेंच स्वारीच्या भीतीनें सुरू झाली. १८४१ मध्यें तिचें ठाणें साउदॅम्प्टनला गेलें. तिच्यांतील सैनिक अधिकारी हळूहळू कमी होत १९८३ मध्यें ती पूर्णपणें मुलकी झाली. १९९० मध्यें तिला कार्यकारी संस्थेचा दर्जा मिळाला, १९९९ मध्यें आपला खर्च आपणच मिळविणारा व्यापारी निधि झाला, आणि २०१५ मध्यें सरकारी मालकीची कंपनी झाली. नवी बांधलेली ठळक वास्तु सहा महिन्यांच्या आंत नकाशांत आली पाहिजे, अशा प्रकारचीं उद्दिष्टें तिच्यावर घातलीं गेलीं. यांत लाभ खरा होता. नकाशे ताजे राहूं लागले. परंतु जनतेच्या पैशानें मोजलेल्या भूमीचा नकाशा जनतेसच विकत घ्यावा लागावा काय, हा वादहि तेथें पुष्कळ वर्षें गाजला.

भारतांतील वळण निराळें. स्वातंत्र्यानंतरहि सैन्याच्या अभियांत्रिकी दलांतील अधिकारी खात्यांत येत राहिले, आणि त्यांच्या बरोबरीनें मुलकी अधिकारी वाढले. १९७१ मध्यें खातें विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ताब्यांत आलें. गेल्या कांहीं वर्षांत प्रशासकीय सेवेंतील अधिकारीहि महासर्वेक्षकाच्या पदावर बसले आहेत. परंतु सैनिकी जन्माची खूण पदांत नव्हे, गुप्ततेंत टिकली. सीमेलगतचे व किनाऱ्यालगतचे नकाशे सामान्य नागरिकास सहजासहजीं मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें संरक्षणासाठीं एक आणि लोकांसाठीं दुसरी अशा दोन मालिका केल्या. १५ फेब्रुवारी २०२१ च्या नव्या नियमांनीं देशी संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय मोजणी आणि नकाशे करण्याची मोकळीक दिली. डिसेंबर २०२२ च्या भू-अवकाशीय धोरणानें तर २०२५, २०३० आणि २०३५ असे टप्पेच आंखून दिले. शहरें आणि खेडीं यांचा ५ ते १० सेंटिमीटर इतक्या बारकाव्याचा नकाशा २०३० पर्यंत तयार व्हावा, हा त्यांपैकीं एक टप्पा.

वर्धा जिल्ह्यांत या साऱ्या प्रश्नांच्या बाजू एकाच ठिकाणीं दिसतात. पुलगांव येथें सैन्याचें दारुगोळ्याचें मोठें कोठार आहे. अशा जागेचा तपशील उघड्या नकाशांत नसावा, हें कोणीहि मान्य करील. दुसरीकडे सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्यें शेगांव नांवाच्या या खेड्यांत राहूं लागले. दुसऱ्या शेगांवाशीं टपालाची गल्लत होई म्हणून १९४० मध्यें त्याचें नांव बदलावें लागलें. एका नांवाचा घोंटाळा किती अडचण करतो, हें टपाल वाटणारास विचारावें. आणि पवनारचे विनोबाजी १९५१ पासून जमिनीचें दान मागत देशभर हिंडले, तेव्हां दानाची जमीन नेमकी कोठें आणि तिची हद्द कोणती, हें कागदावर नसेल तर दान हातीं पडूनहि भूमिहीनाच्या पदरीं पडत नाहीं, हा अनुभव अनेक ठिकाणीं आला. उदार अंतःकरणासहि मोजणीची गरज लागतेच.

२४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत सर्व्हे ऑफ इंडियानें पुन्हां खेड्याची वाट धरली आहे. ज्या गांवठाणांतील घरांची मोजणी कधीं झालीच नव्हती, त्यांवरून ड्रोन उडवून छायाचित्रें घ्यावयाचीं, चुन्यानें आंखलेल्या हद्दी गांवकऱ्यांसमक्ष ताडून पाहावयाच्या, आणि घरमालकास मिळकतपत्रिका द्यावयाची. १९०५ मध्यें प्रांतांकडे गेलेलें महसुली काम निराळ्या रूपानें या खात्याच्या पुढें परत आलें. त्याची प्रगति मोजली जाते ती गांवांच्या संख्येनें: इतक्या गांवांवर ड्रोन उडाला, इतक्या पत्रिका तयार झाल्या.

संख्या सांगणें अयोग्य नाहीं. सरकारी पैशाचा जाब मागितलाच पाहिजे, आणि लॅम्बटनच्या खर्चावर बोट ठेवणारा तो सभासद सर्वस्वीं चुकीचा होता असेंहि नाहीं. वीस वर्षें कोणी विचारणाराच नसेल तर आळसहि शास्त्राचें पांघरूण घेऊं शकतो. परंतु मोजतां येतें तेंच काम, असा समज झाला म्हणजे धोका सुरू होतो. गांवांची संख्या पुरी झाली आणि दोन घरांमधली भिंत चुकीच्या नांवावर चढली, तर तक्त्यांत तें काम यशस्वी दिसेल आणि गांवांत कज्जा उभा राहील. चौरस मैलांचा दर पाहणाऱ्या अहवालांत त्रिकोणाच्या चुकीचा रकानाहि होता, हें विसरून चालणार नाहीं. लॅम्बटन आणि एव्हरेस्ट यांच्या हातून जी परंपरा निघाली तिचें सार एवढेंच: पुढें जावें, पण शेवटीं थांबून रेषा पुन्हां मोजावी, आणि फरक निघाला तर तो लपवूं नये. गांवठाणांत ही शेवटची रेषा म्हणजे गांवकऱ्यांसमक्ष होणारी हद्दीची खातरजमा. मुदतीच्या घाईंत तीच उरकली गेली तर साऱ्या ड्रोनांचें उड्डाण व्यर्थ.

महान चापाची दोनशें वर्षें २००२ मध्यें समारंभपूर्वक साजरीं झालीं. हिंगणघाटच्या कबरीस मात्र फारसे पाहुणे येत नाहींत. तेथून कांहीं कोसांच्या परिघांत असलेल्या खेड्यांतील एखाद्या विधवेच्या हातीं तिच्या घराची मिळकतपत्रिका पडेल, तेव्हां त्या कागदामागें या दीर्घ परंपरेचें ऋण आहे, हें तिला ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तिला एवढेंच ठाऊक असेल कीं पत्रिकेवरील भिंत तिच्या अंगणांतील भिंतीशीं जुळते कीं नाहीं. खात्याच्या कामाचा अखेरचा आणि खरा कस तोच.